रिकाम्या गाडीचं वजन

ही गोष्ट खरी आहे.

पटो न पटो, तुमची मर्जी. मी स्वतः त्या गाडीत बसले होते, एवढंच सांगते.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती. वादळ नव्हतं. १९७८ साल, मे महिन्यातला शुक्रवार, लख्ख ऊन पडलेलं. केंटकीच्या डोंगरातलं आमचं छोटं गाव. रविवारी थडगी सजवायचा दिवस होता. त्या दिवशी प्रत्येक घराणं आपापल्या टेकडीवर जमतं, गवत काढतं, फुलं ठेवतं आणि तिथंच चादरी अंथरून पोटभर जेवतं.

माझा मोठा भाऊ डेल्मर याच्याकडे एक लांबलचक जुनी स्टेशन वॅगन होती. ट्रक घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ट्रकची सगळी कामं तो तिच्याकडूनच करून घ्यायचा. कोळसा, खताची पोती, ओतीव लोखंडाच्या शेगड्या. एकदा तर जिवंत वासरू. गाडीच्या अगदी शेवटी, मागे तोंड करून बसायची एक छोटी सीट होती. पोरांना तिच्यावर बसून मागच्या गाड्यांना टाटा करायला आवडतं. डेल्मर ती कायम दुमडून ठेवायचा.

कारण त्याच्या घरात पोर नव्हतं.

वेल्डा वहिनीची दोन बाळं पोटातच गेली होती. आता पुन्हा दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, पहिली कळ आली की डोंगरापलीकडचं हॉस्पिटल गाठा, एक मिनिट दवडू नका. आणि घरात गाडी म्हणाल तर हीच.

तर त्या शुक्रवारी ओमा मावशीच्या नवऱ्याच्या थडग्याचा दगड टेकडीवर पोचवायचा होता. दगड आत सरकवला तसं गाडीचं बूड खाली गेलं आणि तोंड आभाळाकडे झालं.

"सावकाश चालव रे," ओमा मावशी म्हणाली. "माझा म्हातारा जिवंतपणी एवढ्या मोठ्या गाडीत कधी बसला नव्हता."

"मग आज ऐटीत जाऊ दे की," डेल्मर हसला.

मीही बरोबर गेले. वर मावशीचे भाचे थांबलेच होते. त्यांनी दगड उतरवून घेतला. गाडीचं बूड फुस्सकन वर आलं. आम्ही निघालो...

आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

आदल्या दिवशीच्या पावसाने लाल मातीचा नुसता लोण्याचा गोळा झाला होता. या गाडीचा जोर मागच्या चाकांवर. मागे वजन नसलं की ती चिखलात नाचते, पुढे काही जात नाही.

"मागे काहीतरी जड टाकायला पाहिजे," डेल्मर म्हणाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुंपणाच्या कडेला वेलींखाली काही दगड अर्धवट रुतलेले होते. लहानच, ओबडधोबड. त्याने ते उपसून गाडीत टाकले.

चाकांनी माती धरली. आम्ही खाली आलो.

घरी येऊन त्याने ते दगड अंगणात टाकून दिले. मागचा फाळका बंद केला. दोन पावलं मागे सरकून गाडीकडे पाहिलं...

बूड खालीच होतं.

"स्प्रिंगचा पाटा तुटला वाटतं," तो म्हणाला. गाडीखाली शिरला. पाटे शाबूत होते. चाकांत हवा होती. आत एक रिकामं पोतं सोडलं तर काही नव्हतं. तरी मागचा बंपर जमिनीकडे झुकलेला.

"म्हातारी झाली गाडी. तुझ्यासारखीच फतकल मारून बसलीय," तो मला म्हणाला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हा हसू आलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं दुकानात निघालो. गाडी जडशीळ चालत होती. वाटेत मागून एक गाडी आली. चालवणारी बाई हसत होती... आणि हात हलवत होती.

"ओळखीची आहे?" मी विचारलं.

"नाही गं."

ती आमच्याकडे बघतच नव्हती. आमच्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघत होती. मी मान वळवून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं.

पण ती दुमडून ठेवलेली छोटी सीट... उघडी होती.

डेल्मरला वाटलं मी उघडली, मला वाटलं त्याने. दुकानापाशी पोचलो तर पायरीवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अरे, त्या पोरांना उतरू दे की जरा. उन्हात कोंडून ठेवलीयेत बिचारी."

आम्ही सामान न घेताच परत फिरलो.  वाटभर मागून आवाज येत होता. ठक... ठक... ठक... सीटवर बसलेलं पोर कंटाळलं की टाचा आपटतं ना, तसा. एका पोराचा नव्हता तो आवाज.

घरी ओसरीवर ओमा मावशी वाट बघत होती. धापा टाकत पायी आली होती.

"डेल्मर, कुंपणापासचे दगड तू हलवलेस?"

"थोडं वजन हवं होतं, मावशी. नुसते दगड होते ते. अक्षर नव्हतं एकावरही."

"अक्षरं कोरायला पैसे कुणाकडे होते रे?" मावशीचा आवाज चिरकला. "घटसर्पाच्या साथीतली पोरं आहेत ती. आमच्या आळीतली. रोज कुणाचं ना कुणाचं जात होतं. आईबापांनी ओढ्यातून दगड आणून उशाशी लावले. नंतर ते लोक खाणीच्या कामावर लांब निघून गेले. त्या पोरांचं आता त्या दगडांशिवाय कोण आहे?"

डेल्मरचं तोंड पांढरंफटक पडलं. तो धावत जाऊन दगड उचलायला लागला. पहिला दगड गाडीत ठेवतोय तोच आतून वेल्डा वहिनीची हाक आली.

कळा सुरू झाल्या होत्या.

मावशीने त्याच्या हातातला दगड काढून घेतला. "तू हिला घेऊन जा. दगड मी भाच्यांकडून लावून घेते. कुणाचा कुठला ते देव जाणे."

वहिनी मधल्या सीटवर आडवी झाली, मी तिच्या पायाशी. गाडी निघाली. सपाट रस्त्यावर कशीबशी चालली. मग घाट लागला.

गाडी हळू झाली. अजून हळू. इंजिन गुरगुरत होतं, मागचा बंपर रस्त्यावर घासत होता. कितीतरी वेळा याच घाटातून तिने टनभर कोळसा नेला होता. आज आत आम्ही फक्त तिघं.

अर्ध्या चढावर ती थांबली.

वहिनीने माझा हात असा दाबला की बोटं बधिर झाली. अंगाखालची चादर ओली झाली होती. "अगं, माझं बाळ..." एवढंच ती म्हणत होती. मला रडू फुटलं. हेही बाळ गेलं तर ती जगणार नाही, हे मला माहीत होतं.

मागून आवाज आला. ठक... ठक... ठक...

डेल्मर मागे वळून जिवाच्या आकांताने ओरडला, "उतरा! उतरा माझ्या गाडीतून!"

आवाज थांबला.

मग मागून कुणीतरी हुंदका दिला. बारीकसा. मार खाल्लेलं पोर दाबून रडतं, तसा.

मी डोळे मिटून घेतले. माझी बघायची हिंमत झाली नाही.

"त्यांच्यावर ओरडू नकोस," वहिनी म्हणाली. घामाने भिजली होती, पण आवाज अगदी शांत. "पोरं आहेत ती. त्यांना इथे रस्त्यावर कुठे उतरवतोस?"

तिने मान मागे वळवली. ती हसली. रिकाम्या सीटकडे बघून हसली.

"तिथे मागे एकटी बसू नका," ती म्हणाली. "या. माझ्याजवळ या."

गाडीचं बूड हळूहळू वर आलं. मला ते अंगाखाली कळत होतं. त्याच वेळी वहिनीने कण्हून श्वास सोडला, अंगावर कुणी रेलल्यासारखा. डेल्मरने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला आणि गाडी घाट चढून गेली.

आम्ही वेळेवर पोचलो. मुलगी झाली. ठणठणीत. नर्सने वजन केलं, चारचौघींच्या बाळांसारखंच भरलं. डेल्मर हॉस्पिटलच्या दारात बसून लहान मुलासारखा रडला. ओमा मावशीचा निरोप आला की रविवारच्या आत दगड लागले, फुलंही वाहिली. सुटलो, असं मला वाटलं.

घरी न्यायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. बूड व्यवस्थित वर. मागची सीट दुमडलेली. डेल्मर दोनदा मागे जाऊन बघून आला. त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग दिसला.

वहिनी बाळाला घेऊन पुढे बसली.

आणि तिच्या बाजूचं पुढचं चाक... मडगार्डच्या कमानीत रुतलं. सगळी गाडी त्या कोपऱ्यावर कलली.

डेल्मरचा हात किल्लीवरच राहिला. 

"वेल्डा," त्याने विचारलं, "ती उतरली नाहीत?"

वहिनी बाळाचं टोपडं नीट करत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"मी त्यांना उतरा म्हटलंच नव्हतं."

माझी भाची आता मोठी झाली आहे. गुणाची आहे, हसरी आहे, माझ्यावर जीव टाकते. पण ती लहान असताना मी तिला एकदाही मांडीवर घेतलं नाही. कंबर दुखते म्हणायचे. वहिनीला खरं काय ते ठाऊक होतं आणि तिने मला कधीच आग्रह केला नाही.