छायास्वार

मिरजेच्या क्रीडाशास्त्र प्रयोगशाळेत केतकी माळगे आली ती स्वतःची सायकल खांद्यावर घेऊन. आशियाई स्पर्धेच्या संघातली एकच जागा रिकामी होती आणि त्या जागेची निवड रस्त्यावर नव्हे, बंद खोलीत, सायकल जागच्या जागी चालवायच्या ट्रेनर यंत्रावर होणार होती. रस्त्यावर वारा असतो, कुत्री आडवी येतात. खोलीत सगळ्यांना सारखाच घाट मिळतो.

“यातला कोणता घ्यायचा?” मांडून ठेवलेल्या यंत्रांकडे बघत तिनं विचारलं.

“तो पहिला विसर,” यंत्रं सांभाळणारा ऑल्विन लोपीस म्हणाला. मूळचा वसईचा, बोलायला मोकळा. “त्यात टायर रोलरवर घासतो. टायर तापला, हवा कमी झाली की आकडा बदलतो. वर आवाज असा, की खालचे शेजारी भांडायला येतील. हा दुसरा घे. मागचं चाक काढायचं आणि साखळी थेट ट्रेनरच्या दातेरी चकत्यांवर चढवायची. चढ आला की मोटर पॅडल जड करते.”

“आणि पडद्यावर हा तुझा छायास्वार,” डॉ. विदुला कर्णिक पुढे होत म्हणाल्या. त्या शरीरशास्त्रज्ञ आणि आता केतकीच्या प्रशिक्षक. “म्हणजे कालची तू. काल तू जशी चालवलीस तशीच ही आकृती आज तुझ्या पुढे चालवते. तिला गाठायचं.”

“त्यानं काय होतं, ताई?”

“मेंदू काटकसरी असतो बघ. डबा रिकामा झाला म्हणतो आणि मूठभर तांदूळ मागे लपवून ठेवतो. तू थकलीस असं तुला वाटतं, तेव्हाही पायांत ताकद उरलेली असते. पण ‘हे मी काल केलंय’ अशी मेंदूची खात्री पटली, की तो ती मूठ सोडतो.”

“आणि समोरची आकृती खोटी असली तर?” ऑल्विननं विचारलं.

“मेंदूला खरंखोटं कळत नाही. त्याला फक्त विश्वास कळतो.”

ऑल्विन साखळी चढवायला वाकला. केतकी हसली. तिला ते फार आवडलं होतं.

पुढचे सहा महिने ती रोज पडद्यावरचा आंबा घाट चढली. घामानं खालची रबरी चटई भिजायची, पंखा तोंडावर सोडूनही जीव कासावीस व्हायचा. रोज कालची केतकी तिच्या नाकासमोरून वर निसटायची. काल आपण इतक्या जोरात गेलो होतो, मग आजच काय धाड भरली, असं स्वतःलाच रागावून ती पाय मारायची. ती खरोखरच वेगवान होत गेली. विदुलाताईंना ती देवासारखी मानायची. घरी आईपाशी बोलत नसे इतकं त्यांच्याशी बोलायची.

मग एक दिवस विदुलाताई दिल्लीला गेल्या असताना अर्ध्या घाटात तिची साखळी उतरली. ती खाली उतरली, साखळी बसवली, हात पुसले आणि पुन्हा निघाली. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर ती छायास्वाराची वाट बघत राहिली. आता थांबेल, खाली वाकेल. तो न थांबता वळण घेऊन वर गेला.

केतकीनं पॅडल सोडलं. शेजारी सकाळीच दिल्लीहून परतलेल्या विदुलाताई उभ्या होत्या.

“ताई, काल मी इथं उतरले होते. मग हा कोण?”

विदुलाताईंनी ऑल्विनकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली.

“तुझ्या सर्वांत चांगल्या फेरीत मी दर वेळी थोडा वेग मिसळायचे,” त्या शेवटी म्हणाल्या. “सांगितलं असतं तर मूठ सुटलीच नसती. तुझ्या भल्यासाठीच केलं गं.”

“सहा महिने मी रोज स्वतःला शिव्या घातल्या, ताई. रोज! आणि तुम्ही पाणी देत बाजूला उभ्या होतात.”

त्या रडल्या. केतकीला रडूही आलं नाही. आपली कोणी चेष्टा केली आणि सगळ्या खोलीला ती माहीत होती, असं तिला वाटत राहिलं.

तरी जागा हवीच होती. निवडीच्या दिवशी वेळेचे आणि ताकदीचे आकडे नियमाप्रमाणे झाकलेले होते. पडद्यावर फक्त पात्रतेच्या वेगानं चढणारा छायास्वार. त्याच्या बरोबरीनं किंवा आधी माथा गाठायचा, एवढंच.

“आजचा समितीनं बनवलाय,” विदुलाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. “मी हातही लावलेला नाही. शपथ.”

केतकीनं कपाळावरचा घाम पुसला आणि पॅडलवर पाय ठेवला.

शेवटच्या वळणावर छायास्वार दोन सायकली पुढे होता. पूर्वी अशा वेळी तिचा जीव तुटायचा. आज ती शांतपणे हिशेब करत होती. यात पुन्हा वेग मिसळलेला असणार. तो वजा केला तर मीच पुढे आहे. पाय अजून हलके होते, पण एका खोट्या आकृतीमागे ऊर फोडायची तिची आता तयारी नव्हती. दोन सायकलींचं अंतर तिनं तसंच राहू दिलं.

माथा आला. समितीच्या माणसानं निकाल वाचला. अपात्र, अगदी थोडक्यात.

ऑल्विननं तिच्या हातात टॉवेल दिला. तिचा श्वासही फारसा फुललेला नव्हता. विदुलाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“आजचा खरा होता गं,” त्या म्हणाल्या. “एवढं सांगितलं होतं तुला.”

केतकीनं ट्रेनरवरून सायकल सोडवली आणि खांद्यावर घेतली.

“मला ते कळायचं कशावरून, ताई?” ती म्हणाली. “तुम्ही खरं बोलताना कशा दिसता, ते मी कधी पाहिलंच नाही.”