शहिनाजचे प्रश्न

कसन्तिना शहराच्या दरीवर, अगदी मध्यावर, रोपवेची ट्रॉली थांबली आणि समोरच्या मुलानं डोळे घट्ट मिटले. वारा सुटला होता. ट्रॉली हलकेच डुलत होती. शहिनाजला हसू आवरेना.

"इथलाच ना तू? मग घाबरतोस कशाला?"

"इथलाच आहे म्हणूनच... खाली किती खोल आहे ते ठाऊक आहे." त्यानं डोळे उघडले नाहीत. "बोलत राहा. काहीही विचार."

तिनं विचारलं. नाव झुहैर. विद्यापीठात भूगर्भशास्त्राला.

"डोंगर शिकतोस आणि उंचीला भितोस?"

"डोंगर हलत नाहीत," तो म्हणाला.

ट्रॉली पलीकडे पोचली तरी तिचे प्रश्न संपले नव्हते. मग कॉफी सुरू झाली, रोजचीच. तुमच्या घरी भांडणानंतर आधी कोण बोलतं? रात्री दिवा कोण मालवतं? झुहैर सगळं सांगायचा. एकदा हळूच म्हणाला, "माझं घर तुला पाठ झालं. तुझं?"

"सेतीफला... वडिलांची बेकरी आहे," ती म्हणाली. वसतिगृहातही तिनं हेच सांगितलं होतं.

ईद जवळ आली. "ईदआधी काकांकडे सेतीफला जाऊन येतोय मी," झुहैर म्हणाला. "मिठाई तुमच्याकडूनच घेईन. कुठे आहे बेकरी?"

शहिनाजनं कप खाली ठेवला.

"बेकरी नाही. वडीलही नाहीत. बालगृहात वाढले मी, तिथूनच इथं शिकायला आले."

आता ती नजर येणार — बिच्चारी म्हणणारी. तिनं मान वर केली. झुहैरच्या भुवया तेवढ्या वर गेल्या होत्या.

"एवढ्या मुलींत स्वतःचा कंगवा कसा टिकवायचीस?"

"उशीखाली घेऊन झोपायचे."

"तरी चोरलाच कुणी तर?"

"मग मी तिचा चोरायचे."

तो हसला. तीही हसली, पण डोळे भरून आले.

"ईदला आमच्याकडे ये," तो म्हणाला.

"कीव आली?"

"छे. आईला तुला बघायचंय. मी सारखं तुझंच नाव घेतो म्हणते."

शहिनाजचे गाल तापले. "ईदला मी बालगृहात जाणार. पोरींना वेण्या माझ्याच हातच्या लागतात." ती थांबली. "तूच ये ना... पण तिथं फार प्रश्न विचारतात."

"तुझ्यासारखे?"

"माझ्याहून वाईट."

ईदच्या दुपारी तो मक्रूद मिठाईचा डबा घेऊन बालगृहाच्या दारात उभा राहिला. पोरींनी गराडा घातला. त्यांना वाढवणाऱ्या यमीना खालानं चष्मा नाकावर ओढून त्याला न्याहाळलं.

"शहिनाज, हा कोण गं?"

वर्गमित्र, मैत्रिणीचा भाऊ... खोटी उत्तरं जिभेवर तयार होती. झुहैरही तिच्याकडेच बघत होता, उत्तर ऐकायला.

"मला आवडतो," शहिनाज म्हणाली.

"त्याला ठाऊक आहे का हे?"

"आत्ताच कळलं," झुहैर कानापर्यंत लाल झाला. "मला कधीचं तिला तेच विचारायचं होतं, खाला. धीर होत नव्हता."

खालानं दार पुरतं उघडलं.

"मग उन्हात काय उभा आहेस? आत ये."