बंद दवाखाना आणि मधला जिना

"पुन्हा तोच कागद!" भोपू एवढ्या जोरात ओरडला, की समोरच्या तारेवरची कबुतरं फडफडत उडाली. त्याला सगळे भोपू म्हणायचे ते उगीच नाही!

दवाखान्याच्या दारावर कागद डकवलेला होता : 'दुरुस्तीच्या कामामुळे दवाखाना तात्पुरता बंद आहे.' खाली सही नाही, तारीख नाही, उघडणार कधी याचा पत्ता नाही.

"तात्पुरता म्हणजे किती दिवस?" मुंगीनं विचारलं. ही भोपूची धाकटी बहीण. वय दहा, प्रश्न दहा हजार.

"आजचा अकरावा दिवस!" वकील दातओठ खात म्हणाली. वकील म्हणजे त्यांच्या शेजारची, आठवीत जाणारी मुलगी. ती वाद घालायला लागली की शाळेतले सरसुद्धा खुर्चीत सावरून बसायचे. आज मात्र तिचं लक्ष स्वतःच्या आजोबांकडे होतं. आजोबा काठीवर भार देऊन, उजवी टाच उचलून उभे होते. त्यांना मधुमेह होता आणि टाचेला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. या दवाखान्यात आधी वेळ घ्यावी लागत नसे. यायचं, बाकावर बसायचं, नंबर लागला की सिस्टर जखम धुऊन पट्टी बांधायच्या. एक दिवसाआड, न चुकता.

आता मोठं रुग्णालय दोन बस बदलून गाठावं लागायचं. आजोबा दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा त्यांनी साफ नकार दिला. "पाय बरा करायला जातोय की मोडून घ्यायला?" घरी वकीलची आई पट्टी बदलायची, पण कालपासून जखमेच्या कडा लाल झाल्या होत्या.

"चला घरी," आजोबा म्हणाले. "उघडेल दोन दिवसांत."

"आजोबा, हेच तुम्ही आठवड्यापूर्वी म्हणाला होतात!" वकील म्हणाली.

"पण काम चालू आहे ना?" मुंगी मध्येच म्हणाली. "मग ठोकाठोकी का ऐकू येत नाही?"

सगळ्यांनी कान टवकारले. खरंच की! आत अगदी चिडीचूप होतं. वकील दाराजवळ गेली. कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्यानं छानपैकी जाळं विणलं होतं.

"कामगार रोज या दारानं ये-जा करतात, आणि जाळं शाबूत? भोपू, खाली बस! मुंगी, चढ त्याच्या खांद्यावर!"

मुंगीनं खिडकीच्या काचेला नाक लावलं. "आत कुणीच नाही! बेसिनखाली नवा पाइप आहे. भिंतीला रंग दिलाय. फरशी कोरडी ठणठणीत!"

"नीट बघ!"

"लवकर बघ!" भोपू कण्हला. "ही मुंगी नाही, हत्ती आहे!"

आजोबांना घरी सोडून तिघं थेट मागच्या गल्लीतल्या प्लंबरकाकांकडे धावली. गावातले सगळे गळके नळ शेवटी त्यांच्याकडेच यायचे.

"दवाखान्याचा पाइप?" काका एका नळाचे आटे साफ करता करता म्हणाले. "तो मीच बदलला. भिंतीचा ओला भाग खरवडून रंगही दिला. तिसऱ्या दिवशी काम खलास! किल्ली आणि काम झाल्याचा कागद नगरपालिकेच्या बांधकाम विभागात दिला. पहिल्या मजल्यावर, साहेबांच्या हातात."

"म्हणजे आठ दिवस दवाखाना तयार आहे?" वकीलचा आवाज चढला. "आणि तरी बंद आहे?"

काकांचा हात थांबला. "अजून उघडला नाही? मला वाटलं, केव्हाच उघडला असेल!"

बांधकाम विभागाचे साहेब टेबलावर फायलींचा डोंगर रचून बसले होते. "काम झालंय," ते मान वर न करता म्हणाले. "पण आरोग्य विभागानं पत्र पाठवून किल्ली मागायला हवी. दुसऱ्या मजल्यावर विचारा."

तिघं वर गेली. आरोग्य विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "काम झाल्याचं पत्र खालून येऊ दे, मग आम्ही किल्ली मागू."

"पण काम झालंय! साहेब स्वतः म्हणाले!"

"तोंडी सांगून चालत नाही, बाळ."

पुन्हा खाली. "त्यांनी आधी मागितलं पाहिजे." पुन्हा वर. "त्यांनी आधी कळवलं पाहिजे."

"मग तुम्हीच खाली जाऊन बोला ना!" मुंगी कळवळून म्हणाली. "मी मोजल्यात, फक्त बावीस पायऱ्या आहेत!"

"तशी पद्धत नसते," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

पाचव्या फेरीनंतर तिघं जिन्याच्या मधल्या वळणावर धपकन बसली. वकीलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं! "आजोबांची टाच चिघळतेय, आणि हे दोघं एकमेकांच्या पत्राची वाट बघतायत!"

"मी जाऊन ओरडू का साहेबांवर?" भोपूनं मुठी आवळल्या.

वकीलनं झटकन डोळे पुसले. "ओरडायचंच आहे. पण त्यांच्यावर नाही, इथूनच! ते दोघं जे म्हणाले तेवढंच सांगायचं. एक अक्षर खोटं नको, आणि एक अक्षर हळू नको!"

भोपूनं छाती भरून श्वास घेतला.

"खालचे साहेब म्हणतात, दवाखाना तयार आहे, पण मॅडम किल्ली मागत नाहीत!"

आवाज जिन्यात घुमला. दोन्ही मजल्यांवर रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

"वरच्या मॅडम म्हणतात, साहेब पत्रच देत नाहीत! दवाखाना आठ दिवस तयार आहे हो!"

"तयार आहे?" कडेवर बाळ घेतलेली एक बाई रांग सोडून पुढे आली. "बाळाच्या लशीसाठी मी तीनदा दारावरून परत गेले!"

खालून साहेब तणतणत आले. वरून मॅडम आल्या. बरोबर मधल्या वळणावर दोघं समोरासमोर!

"माझ्यामुळे अडलंय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"मग कुणामुळे? पत्र कुठाय?"

"आणि किल्ली कुठाय?" मुंगीनं विचारलं.

साहेब गडबडले. "माझ्या... खणात."

आता सगळा जिना माणसांनी भरला होता आणि सगळे त्या दोघांकडेच बघत होते. मॅडमनी कुणाचंतरी पेन मागून घेतलं, कागद भिंतीला टेकवला आणि चार ओळी लिहिल्या. साहेबांनी तिथंच चार ओळी लिहिल्या. कागदांची अदलाबदल झाली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली!

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला. सिस्टरना दुसरीकडे कामाला पाठवलं होतं, त्याही परत आल्या. त्यांनी आजोबांची पट्टी सोडली आणि जखमेच्या कडा नीट तपासल्या.

"वाचलात," शेवटी त्या म्हणाल्या. "आणखी चार-पाच दिवस गेले असते, तर हे माझ्या हाताबाहेर गेलं असतं. पोरांनो, मोठं काम केलंत!"

तेवढ्यात साहेब आले. बाकावर बसलेल्या लोकांकडे बघत त्यांनी घसा खाकरला. "अशा जागरूक मुलांचा आम्हाला अभिमान आहे! शाबास!"

भोपू खूश होऊन हसला. वकील मात्र हसली नाही.

"शाबासकी राहू दे, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या आजोबांशी बोला."

साहेबांनी आजोबांकडे पाहिलं. मग त्या लालबुंद टाचेकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं भाषण कुठल्या कुठे गेलं. ते आजोबांच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं."

आजोबांनी मान हलवली. "फार दुखलं हो," ते म्हणाले.