दोन उजवे हात

गेल्या वर्षी पावसानं गाठलं म्हणून योलान पाथरवट तुआनच्या छपरीत शिरली होती. यंदा ती भांडायला आली. बाहेर चीनमधल्या आन्यांगची बारीक, चिकट झड लागली होती.

"तुआन मिस्त्री, बाकीच्यांचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. माझ्याच नावाचा बरा उडतो?"

"पावसाला तुमचंच नाव आवडतं, वहिनी."

"पावसाला... की पाथरवटाला?"

तुआन लाजला आणि रंगाचा वाडगा शोधू लागला.

थडग्यावर नवऱ्याशेजारी बायकोचंही नाव कोरतात. ती जिवंत असेतोवर लाल, मग काळं. छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, थडगं झाडताना सासूबाई डोळे बारीक करकरून ते लाल नाव बघत. मुलगा गेला, पण सून आपलीच आहे, एवढ्यावरच म्हातारी तगून होती.

तुआननं फळीवरच्या दगडाच्या भुकटीत बोटानं एक अक्षर काढलं. "तुमच्या नावातलं 'यो'. म्हणजे मित्र. इथल्या शेतांत अक्षरं कोरलेली जुनी हाडं निघतात ना, त्यांवर ते असं आहे. एकाच बाजूला वळलेले दोन हात. पुढे काशाच्या भांड्यांवर जरा वाकले. मग कुंचल्यानं भराभर लिहिणाऱ्यांनी एक हात पार आडवा करून टाकला... आता तो हात वाटतच नाही."

"दोन हात तर माझेही आहेत," ती हसली.

"नीट बघा. दोन्ही उजवे आहेत. एका माणसाचे कसे असतील?"

तिनं वाकून बघितलं. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"योलान..." आज 'वहिनी' गळून पडलं होतं. "नाव घासून टाकू? माझ्याकडे ये."

तिला रडू आलं. तिलाही तेच हवं होतं, म्हणून जास्तच आलं.

"म्हातारी अजून चुकून तीन वाडगे शेवया वाढते. तिसरा मी संपवते. उद्या मीही उठून गेले तर?"

तो खाली बघत रंग ढवळत राहिला. "रंग उडतो, कारण मी तो मुद्दाम पातळ कालवतो. तू पुन्हा यावीस म्हणून." मग अडखळत म्हणाला, "यंदा... घट्ट कालवू?"

योलाननं डोळे पुसले. भुकटीत टेकलेल्या त्याच्या उजव्या हाताशेजारी तिनं आपला उजवा हात ठेवला.

"म्हातारी आहे तोवर," ती म्हणाली, "पातळच कालव."