बेचाळीसनंतर सत्तेचाळीस

"बेचाळीस, आणि एकदम सत्तेचाळीस!" खटपट्या पडद्यावरचे आकडे वाचत ओरडला. "मधले चार गेले कुठे?"

"माझ्या कपाळात," ताई म्हणाली. सकाळपासून तिने तारा पुन्हा जोडल्या होत्या, बॅटरी बदलली होती, एरिअल फिरवून फिरवून पाहिली होती. आकडे गळायचे ते गळतच होते.

सुट्टीत मावशीकडे आलेल्या या तीन भावंडांना एका जागी बसवत नव्हतं, आणि त्याला कारणही होतं. बदकीण कुत्र्याने नेल्यापासून तिची अंडी अंगणापलीकडच्या खोलीत, विजेच्या पेटीत उबत होती. पेटी गार पडली तर पिल्लं आतच मरणार. म्हणून तिघांनी पेटीत बॅटरीवरचा छोटा रेडिओ ठेवला होता. तो दर मिनिटाला आतली उष्णता ताईकडच्या छोट्या पडद्यावर कळवायचा, प्रत्येक निरोपाला क्रमांक लावून. पण मावशीने बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत सुधारला नाही, तर काढून टाका. खोट्या भरवशावर अंडी नकोत."

"खेळणं ते खेळणंच," काका हसत म्हणाले आणि चहाचा कप घेऊन पलीकडे गेले. पेटीची राखण त्यांच्याकडे होती.

धाकटी पिटुकली मघापासून नखं कुरतडत होती. "निरोप गळाले की मगच पेटी गार झालेली दिसते," ती हळूच म्हणाली. "आधी कधीच नाही."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग खटपट्याच्या कानाला लागली.

खटपट्या पोट धरून अंगणात गेला. "काका, भूक लागलीय. दूध गरम करून द्याल?"

"आण इकडे."

काका खोलीत शिरले. थोड्याच वेळात ताईच्या हातातला पडदा मुका झाला. तिघंही धावले. खोलीत जुना मायक्रोवेव्ह घुमत होता, आणि पेटीचा प्लग जमिनीवर लोळत होता.

"एकच तर सॉकेट आहे," काका चाचरले. "परत लावतोच की मी."

"कधी?" ताईने विचारलं. "चहा पिऊन झाल्यावर? की आठवल्यावर? हा मायक्रोवेव्ह आणि आपला रेडिओ जवळपास एकाच लहरींवर चालतात. याच्या सैल दारातून थोडं गळलं, की आमचे निरोप बुडतात. रेडिओ खोटं बोलत नव्हता, काका. तुम्ही विसरत होतात."

काकांनी खाली बसून आधी प्लग लावला. संध्याकाळी त्यांनीच मावशीला सगळं सांगितलं.

"माझ्या घरात तीनच शहाणी माणसं आहेत," मावशी तिघांना जवळ घेत म्हणाली, "आणि तीही सुट्टी संपली की जाणार."

मायक्रोवेव्ह स्वयंपाकघरात गेला. काका मात्र पेटीजवळून हलेनात. दोन दिवसांनी त्यांनी एकदम हात वर केला. सगळे गप्प झाले. एका अंड्यातून बारीक टकटक येत होती.

"हा निरोप," काका डोळे पुसत म्हणाले, "मी नाही हरवू दिला."