ओल्या तणशीचा पुतळा

“ही पँट माह्या मालकाची आहे. मले वापस द्या.”

सावली गावच्या पोलीस ठाण्यात रंजीता असं म्हणाली आणि हवालदार लच्छू मडावींचा चहा हातातच राहिला. कोपऱ्यात वनमंत्र्याचा पुतळा पडला होता. कमरेच्या वर जळालेला, खाली पँट शाबूत.

तिचा नवरा मुखरू पंधरवड्यापूर्वी जंगलात मेलेला सापडला. कमरेखालचं काही उरलं नव्हतं, पँटही नाही. वाघाचंच काम, असं गाव म्हणालं, आणि काल चौकात मंत्र्याचा पुतळा पेटवला. पुढे होता मुखरूचा धाकटा भाऊ धनराज. आता रंजीताची शेती तोच बघे आणि तिची लेकरं त्याच्याच जिवावर जेवत.

“ओळखली कशी, बाई?”

“मोबाईलवर फोटो पाह्यला. गुडघ्याले ठिगळ मीनं लावलं. माह्या लुगड्याचं.”

हिरवं ठिगळ होतंच.

लच्छूंना कालचा गोंधळ आठवला. पुतळा जाळणं हा ठरलेला खेळ. घोषणा, आग, फोटो. मग पोलीस हिसकावतात आणि सगळे खुशीत घरी जातात. काल आत भरलेली तणस, भाताचा पेंढा, ओली निघाली, पुतळा नुसता धुमसला. तो ओढून विझवताना धनराज मात्र लच्छूंच्या पायांना लोंबकळला. “पुरा जळू द्या साहेब!” बिचारा भावासाठी रडतो, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी पँट उलटून पाहिली. पोटरीवर काळी, भाजलेली रेघ होती. आग तर तिथवर पोचलीच नव्हती.

धनराजला बोलावलं.

“तार कुठी लावली होती?”

“कोणती तार?”

“वाघ मान धरते. पंचनाम्यात पाह्यलं, मुखरूच्या कॉलरले रक्ताचा टिपूस नव्हता. अन् पँटीवर तारेचा डाग आहे. रानडुकरांसाठी तू शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या तारेत करंट सोडला, त्यात भाऊ गेला. तू डागाची पँट काढून घेतली, प्रेत जंगलात टाकलं. बाकी जनावरांनी केलं. पँट घरी जाळली असती तं कोणी तरी पुसलं असतं, काय जाळतं म्हणून. चौकात कोण पुसते?”

धनराजनं ते हिरवं ठिगळ बोटानं चाचपलं.

“त्याले सांगाचं राह्यलं, साहेब. करंट सोडला, एवढंच सांगाचं राह्यलं. तो शेतात पाणी पाहाले गेला...”

गुन्हा उकलला होता, पण लच्छूंना स्वतःचीच चीड आली. त्यांनी पँट रंजीतापुढे धरली आणि लगेच मागे घेतली. आता तो पुरावा होता.

रंजीतानं दिराकडे पाहिलं नाही.

“पुतळा इझवला काऊन, भाऊ?” ती लच्छूंना म्हणाली. “जळू देला असता तं मले दीर तरी राह्यला असता.”