राखणदाराची बाल्कनी

तीन वाजायला दहा मिनिटं कमी असताना डॉ. हेमांगी सामंतला कळलं, की कमलजा नाट्यगृहातलं भूत आपण घालवलेलंच नाही. महाविद्यालयाच्या ध्वनिशाळेतल्या पडद्यावर तीन महिन्यांचा आलेख होता आणि तो सारखा खाली घसरत आला होता.

आरवंदे बंदरातल्या त्या सव्वाशे वर्षांच्या नाट्यगृहात बाल्कनीची तिकिटं कधी विकलीच जात नसत. तिथं बसलं की छाती धडधडायची, डोळ्यांच्या कडेला करडं काहीतरी हलायचं. तिथं जागा राखणारा अदृश्य राखणदार बसतो, असं गाव म्हणे. साठ खुर्च्या त्याच्या. झाडायला चढायचं तरी चपला हातात घेऊन, पाय न वाजवता.

हेमांगीने गावोगाव फिरून अशी पुष्कळ भुतं उतरवली होती. तिने बाल्कनीत अवश्राव्यमापक बसवला. कानाला ऐकू येत नाही, पण अंगाला जाणवतो, असा खोल आवाज पकडणारं ते यंत्र. आवाज सापडला. सेकंदाला एकोणीस कंपनं. भीती वाटायला एवढी पुरतात. तिने छताजवळच्या जुन्या पंख्याला दोषी ठरवलं, तो बदलायला लावला, आणि पुढच्या मोजणीत आवाज नाहीसा झालेला दिसला. ‘नाट्यगृहात काहीही नाही,’ असा अहवाल तिने मोठ्या ऐटीत दिला. गावाने तो वाचला आणि राखणदार निघून गेला असं समजून नारळ फोडून त्याला निरोप दिला. आज चारच्या प्रयोगाला बाल्कनी पहिल्यांदाच विकली गेली होती.

“पंखा काढला तर आवाज कसा थांबेल?” आंतोन फर्नांडिसने विचारलं. तो पुलांची कंपनं मोजणारा अभियंता. हेमांगीने आलेख त्याला सहज म्हणून दाखवला होता.

“एकदम थांबेल.”

“मग हे बघ. एकोणीस, सतरा, चौदा, अकरा. पंखा बदलायच्या आधीपासून उतरतोय. पंधराच्या खालचं तू गाळून टाकत होतीस, म्हणून तुला शांतता दिसली.”

“पण मग वाजतंय काय?”

“तुळई. बाल्कनीचा सगळा भार घेणारी सागवानी तुळई. झरोक्यांतून समुद्राचा वारा शिरला की ती थरथरते. तंबोऱ्याची तार सैल झाली की स्वर उतरतो ना, तसंच हे. आतून पोखरली गेली आहे ती. एकोणिसाचे अकरा झाले, म्हणजे ताठपणा जेमतेम एक तृतीयांश उरलाय.”

आवाज इतका खाली गेला होता, की माणसाला आता त्याची भीतीच वाटत नव्हती. म्हणूनच माणसं तिथं जाऊन बसणार होती, आणि त्यांना बसायला हेमांगीने सही करून दिली होती.

नाट्यगृहाचा फोन कुणी उचलेना. दोघं स्कूटरवर पोचली तेव्हा दुसरी घंटा झाली होती आणि बाल्कनी गच्च भरली होती. व्यवस्थापक भिकाजी परुळेकर विंगेत उभे होते.

“बाल्कनी रिकामी करा, काका. तुळई मोडेल.”

“तपासणीचो कागद आसा माझ्याकडे,” ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. “आणि असा सांगितलंस तर काय होतला, बाय? एकच जिनो. साठ माणसा धावतली.”

ते खरं होतं. साठ माणसं एकदम उठून धावली, तर त्या धक्क्यानेच तुळई जायची.

“मग राखणदार परत आलाय म्हणून सांगा,” ती म्हणाली. हे आपल्याच तोंडून आलं, याची तिला लाज वाटली.

“माझा कोण ऐकतला? काय नाय म्हणून तूच लिवन दिलंस. आता तूच सांग.”

हेमांगी पडद्यापुढे आली. वीस वर्षं याच गावात ती भूत-राखणदार काही नसतं म्हणून सांगत आली होती. माईक हातात घेऊन ती म्हणाली, “माझा अहवाल चुकला. राखणदार इथंच आहे आणि त्याला त्याची जागा हवी आहे. बाल्कनीत बसलेल्यांनी आणि तिच्याखाली बसलेल्यांनी उठून अंगणात जावं. त्याला चालतं तसं.”

मग वरच्या पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिने चपला काढून हातात घेतल्या, सोडलेल्या खुर्चीला नमस्कार केला आणि ती जिन्याकडे निघाली. तिच्यामागून एकेक रांग उठली. कुणी बोललं नाही, कुणी पुढच्याला ढकललं नाही. साठ माणसं अनवाणी पावलांनी हळूहळू जिना उतरली. खालच्या लोकांनीही तशाच खुर्च्या सोडल्या.

आंतोन विंगेत फोनवर मापकाचे आकडे बघत होता. “आठ,” तो पुटपुटला. भार उतरला तसा आकडा वर यायला हवा होता. तो आला नाही.

शेवटचा माणूस अंगणात पोचल्यावर दोन-तीन मिनिटांनी आत कडाड्कन आवाज झाला. बाल्कनीची पुढची बाजू खालच्या रिकाम्या खुर्च्यांवर येऊन पडली आणि दारातून धुळीचा लोट बाहेर आला. कुणाला खरचटलंही नव्हतं.

हेमांगी जमलेल्या लोकांपुढे उभी राहिली. “माझं ऐका. तिथं राखणदार नव्हता. तुळई पोखरली होती, तिचीच कंपनं...”

कुणी ऐकत नव्हतं. सगळे धुळीकडे तोंड करून हात जोडून उभे होते. ती म्हातारी चपला पायात घालत तिच्याजवळ आली आणि मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“बाय, इतकी वर्सा सांगत इलंस,” ती म्हणाली. “तुझा म्हणणा आज पयल्यांदा पटला.”